चेरीस्टोनचे तारमास्तर

अ‍ॅन्सेल विकर्ट आमच्या घरी राहायला आला तो सैन्याच्या हुकमानं, आमच्या मर्जीनं नव्हे. १८६२ चा मार्च होता. उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या जिवावर उठून वर्ष होत आलं होतं. आमचा व्हर्जिनिया दक्षिणेच्या बाजूचा. पण आमचा हा किनारा म्हणजे उपसागराच्या पूर्वेला लोंबणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, आणि ती उत्तरेच्या फौजेनं फारसा दारूगोळा खर्च न करता ताब्यात घेतली होती. चेरीस्टोनच्या धक्क्याजवळचं शेवटचं घर आमचं. एका सकाळी दोन शिपाई एक कागद घेऊन आले आणि दुपारपर्यंत आमची पुढची खोली तारऑफिस झाली.

वॉशिंग्टनहून खांबाखांबांवरून आलेली तार आमच्या धक्क्यापाशी संपायची. तिथून पुढे पाण्याखालची केबल, वीस-बावीस मैल, थेट पलीकडच्या मनरो किल्ल्यापर्यंत. किल्ल्यापलीकडे फौज. म्हणजे अध्यक्ष लिंकनना रणावरच्या सेनापतीशी काही बोलायचं असेल, तर ते बोलणं आमच्या पुढच्या खोलीतून, जिथे आईचं शिवणाचं टेबल होतं तिथून जायचं.

मी एस्थर, तेव्हा सोळा वर्षांची. आईवडील गेलेले. घरात मी आणि माझी थोरली बहीण तबिथा. ती चोवीस वर्षांची आणि दोन वर्षांपूर्वी विधवा झालेली. तिचा नवरा कालवं काढायला गेला तो परत आलाच नाही. आमचा भाऊ लिटलटन आदल्या उन्हाळ्यात होडीनं पलीकडे जाऊन दक्षिणेच्या फौजेत भरती झाला होता. त्यामुळे उत्तरेचा माणूस जेवायच्या टेबलाशी बसणार म्हटल्यावर तबिथानं काही आदळआपट केली नाही, फक्त त्याचं ताट सगळ्यांच्या आधी वाढून ठेवलं. तो येईपर्यंत ते गार व्हायचं. असं तिनं पाच महिने केलं.

अ‍ॅन्सेल पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या डोंगरांतला. सव्वीस वर्षांचा, उंच, खांद्यात वाकलेला, बोटांना कायम शाई. त्यानं आमच्याकडे येईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता आणि पाहिल्यावर त्याला तो मुळीच आवडला नाही. पहिल्याच दिवशी त्यानं यंत्र असं मांडलं की खिडकी पाठीशी यावी. जेवताना त्याची बोटं टेबलावर टकटक करत राहायची, त्याला स्वतःला ते कळतही नसे. तबिथा काही न बोलता त्याच्या हाताखाली फडकं सरकवायची.

एकदा मी त्याला विचारलं, की तारेत काय काय असतं?

"मलाही कळत नाही," तो म्हणाला. "सांकेतिक असतं. शब्द खरे, पण सगळे पत्त्यांसारखे पिसलेले. उकल करायची किल्ली एक वॉशिंग्टनला, एक सेनापतीकडे. मी मधला."

"मग तुला काय दिसतं?"

"किती शब्द आहेत ते."

आणि खरंच, अ‍ॅन्सेल शब्द मोजायचा. प्रत्येक तारेचे शब्द मोजून वहीत लिहायचा नियमच होता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पलीकडे जे सेनापती होते, त्यांच्या तारा तीनतीनशे, चारचारशे शब्दांच्या. वॉशिंग्टनची उत्तरंही तेवढीच लांबलचक. अ‍ॅन्सेलची मनगटं सुजायची. एकदा ऊन पाण्यात हात बुडवून बसलेला असताना तो आम्हाला म्हणाला, की मजकूर काही असो, ही दोन माणसं भांडलेल्या नवराबायकोसारखी आहेत. एकाच घरात राहून एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात. तबिथाला हसू आलं. तिनं ते चुलीवरचं भांडं ढवळण्यात लपवलं, पण मी पाहिलं.

शरद ऋतूच्या आधीच ते सेनापती आणि त्यांची फौज तिथून निघून गेली.

आता सेव्हर्न बीव्हन्सचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय अ‍ॅन्सेलची गोष्ट अर्धीच.

पाण्याखालची ती केबल वरचेवर तुटायची. कुणाच्या जहाजाचा नांगर अडकायचा, कधी वादळ, कधी काय झालं ते कळायचंही नाही. तुटली की दुरुस्त होईपर्यंत तारा कागदावर उतरवून, मेणकापडात गुंडाळून होडीनं पलीकडे न्यायच्या. आगबोट असली तर ठीक, पण ती बहुधा दुसरीकडेच असायची. त्या कामाला फौजेनं सेव्हर्नला नेमलं. सेव्हर्न काळा, पण जन्मापासून मोकळा, कुणाचा गुलाम नव्हे. त्याचा बापही मोकळा होता. तरी आमच्याकडे मोकळ्या काळ्या माणसालाही तसं सिद्ध करणारा कागद खिशात ठेवूनच घराबाहेर पडावं लागे. चाळिशीचा, बुटका, छाती पिंपासारखी. त्याच्याकडे तीन ओंडके जोडून कोरलेली लांब नाव होती. या उपसागराचा तळ त्याला स्वतःच्या अंगणासारखा ठाऊक होता.

अ‍ॅन्सेलनं पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर नकाशा पसरला आणि पट्टीनं एक रेघ मारली. "हा धक्का. हा किल्ला. सरळ असं जायचंस. कुठे थांबायचं नाही. निघालास कधी, पोचलास कधी, मला वेळ सांगायची."

सेव्हर्ननं रेघ पाहिली. "बरं, साहेब," म्हणाला आणि आपल्या वाटेनं गेला. परत आल्यावर अ‍ॅन्सेलनं त्याला चार प्रश्न विचारले. दुसऱ्या वेळी आठ. शीड कधी चढवलंस, वळसा का घेतलास, मध्ये अर्धा तास कुठे गेला. चूक त्याची एकट्याची नव्हती म्हणा. पाकीट हरवलं तर जाब त्यालाच द्यावा लागणार होता, आणि ज्या पाण्याची भीती वाटते त्यावर दुसऱ्याला सोडून देणं सोपं नसतं.

ऑगस्टात केबल पुन्हा तुटली तेव्हा त्यानं ठरवलं की आपण स्वतः बरोबर जायचं. तबिथानं त्याला दारातच विचारलं, की पोहता येतं का? नाही म्हणाला. मग जाऊन काय करणार? लक्ष ठेवणार म्हणाला.

त्या फेरीत काय झालं ते आम्हाला नंतर सेव्हर्नची बायको लिआनं सांगितलं. निम्म्या वाटेवर अ‍ॅन्सेलच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. तरी तो सूचना देतच होता. मग एक मोठी लाट आली तसा तो उठून उभा राहिला आणि ज्या दोरावर शीड तोललेलं होतं तोच दोर त्यानं आधारासाठी ओढला. नाव आडवी झाली, गुडघाभर पाणी भरलं, पाकीट भिजलं. मेणकापड चांगलं होतं म्हणून अक्षरं वाचली. दोन तास पाणी उपसण्यात गेले.

सगळं निभावल्यावर सेव्हर्न वल्हं मांडीवर ठेवून बसला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही त्या यंत्राला हात लावता तेव्हा मी काही बोलतो का?"

अ‍ॅन्सेल घरी आला तो हिरवा पडलेला. तबिथानं त्याला पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला गरम सूप वाढलं.

त्यानंतर तो सेव्हर्नबरोबर कधी गेला नाही. पण बोलणं काही एकदम थांबलं नाही. माणसाची सवय अशी एका दिवसात जात नाही. धक्क्यावर उभा राहून तो तोंड उघडायचा, मग मिटायचा. प्रश्न आठाचे चार झाले, चाराचे दोन. पुढच्या हिवाळ्यात मी एकदा ऐकलं, तो पाकीट सेव्हर्नच्या हातात देऊन एवढंच म्हणाला, "हे घ्या." घे नव्हे, घ्या. सेव्हर्ननंही ते ऐकलं. त्यानं पाकीट सदऱ्याच्या आत सरकवलं, जरा वेळ अ‍ॅन्सेलकडे पाहिलं आणि गेला. आमच्या किनाऱ्यावर गोरा माणूस काळ्या माणसाला असं बोलत नसे. वसंत ऋतू येईपर्यंत तो त्याला मिस्टर बीव्हन्स म्हणू लागला, तेही चारचौघांत. दुकानदार रेव्हेल नॉटिंगहॅमनं आपल्या पडवीतून विचारलं, की काय हो तारमास्तर, हे मिस्टर कोण? अ‍ॅन्सेल म्हणाला, "ज्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं ते."

१८६४ च्या जूनमध्ये जनरल ग्रँटची फौज जेम्स नदीपाशी येऊन बसली. आता पुन्हा अध्यक्ष आणि सेनापती यांच्यातलं बोलणं आमच्या पुढच्या खोलीतून जाऊ लागलं. अ‍ॅन्सेलनं मनगटं चोळून तयारी केली होती. पहिली तार वॉशिंग्टनहून आली ती तीसेक शब्दांची. उत्तर गेलं चौदा शब्दांचं.

काहीतरी राहिलं असेल असं वाटून त्यानं किल्ल्यातल्या तारवाल्याला विचारलं. राहिलं नव्हतं काही.

आठवडाभरानं जेवताना तो म्हणाला, "या दोघांचं पटतंय."

"भेटून आलास का त्यांना?" तबिथा म्हणाली.

"नाही. पण वरून काही विचारणा नाही, खालून काही तक्रार नाही. एक सांगतो, दुसरा करतो. किंवा दुसरा करतो आणि मग सांगतो. कसं का असेना, मधे खाचखळगा नाही."

तो अगदी आनंदात होता, नव्या लग्नाच्या जोडप्याचं कौतुक करावं तसा. तबिथानं चमचा खाली ठेवला.

"तुझा तो सेनापती ज्या खंदकांवर तोफा डागतोय ना," ती म्हणाली, "त्यातल्या एका खंदकात माझा भाऊ आहे. त्यांचं जितकं छान पटेल तितका तो मरणाच्या जवळ जाईल. माझ्या टेबलावर हे मोजमाप नको."

लिटलटन तिथेच होता, पीटर्सबर्गच्या खंदकांत; मे महिन्यात कुणाच्या तरी हाती त्याची चिठ्ठी आली होती. अ‍ॅन्सेलला ते माहीत होतं, फक्त त्या आनंदात क्षणभर विसरला होता. तो उठला, ताट स्वतः विसळून ठेवलं आणि पुढच्या खोलीत गेला. त्यानंतर टेबलावर शब्दांची संख्या पुन्हा कधी निघाली नाही.

तो उन्हाळा वाईट होता. मेलेल्यांच्या याद्या साध्या, उघड भाषेत यायच्या, त्या त्याला वाचता यायच्या. नॉटिंगहॅमच्या दुकानात लोक ग्रँटना कसाई म्हणत. उत्तरेतली वर्तमानपत्रंही तेच म्हणत असं ऐकू यायचं. अध्यक्ष त्यांना काढून टाकणार अशी बातमी दर आठवड्याला उठायची. अ‍ॅन्सेलला कुणी विचारलं तर तो मान हलवायचा, बस. एकदा मात्र मी कपडे वाळत घालत असताना तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "एस्थर, काढणार नाहीत. काढायचं असतं तर एव्हाना तारा लांबल्या असत्या."

त्याच महिन्यांत त्याचं आणि तबिथाचं जुळलं. कसं ते विचारू नका, एकाच घरात राहूनही मला कळलं नाही. सप्टेंबरात त्यानं तिला लग्नाचं विचारलं. लिटलटन परत येईपर्यंत थांब, ती म्हणाली. आणि तो नाही आला तर मला पुन्हा विचारू नकोस. अ‍ॅन्सेल थांबला.

मग १८६५ चा मार्च उजाडला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेचं जोरदार वारं सुटलं आणि केबल तुटली. आगबोट वरच्या खाडीत दुरुस्तीला काढलेली. अशात सकाळी दहाच्या सुमारास वॉशिंग्टनहून सांकेतिक तार आली, सेनापतींसाठी, वर तातडीची खूण. अ‍ॅन्सेलनं ती उतरवली, मेणकापडात बांधली आणि धक्क्यावर गेला. त्याच्यामागून मीही गेले, कारण गोठ्याचं दार वाऱ्यानं उघडलं होतं आणि आमची डुकरीण तिकडेच पळाली होती.

सेव्हर्न धक्क्याच्या टोकाला उभा होता. त्यानं पाण्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि सांगितलं, की ओहोटी आणि वारा समोरासमोर आहेत, मधल्या पाण्यात भिंतीसारख्या लाटा असतील, दोन तासांनी भरती लागेल, पाणी वाऱ्याबरोबर वळेल, लाटा बसतील, तेव्हा निघतो.

तारांची तपासणी करत फिरणारा कॅप्टन प्लमली नावाचा एक अधिकारी आदल्या दिवसापासून आमच्याकडे मुक्कामाला होता. तरुण, चांगल्या शिवलेल्या कोटातला. तो मागून आला.

"दोन तास? ही अध्यक्षांची तार आहे. आत्ता निघायला सांग त्याला."

"त्यांनी भरती लागल्यावर म्हटलंय," अ‍ॅन्सेल म्हणाला.

"मी त्याला विचारलं नाही. तुला सांगतोय. तुझ्या हाताखालचा माणूस आहे तो. हुकूम दे."

अ‍ॅन्सेलचा चेहरा मला दिसत होता. तीन वर्षांपूर्वी हाच माणूस नकाशावर रेघा मारत होता. तो म्हणाला, "कॅप्टन, यंत्रावर मी काय करायचं ते मला ठाऊक आहे. पाण्यावर काय करायचं ते मिस्टर बीव्हन्सना. ते सांगतील तेव्हा निघतील."

"आणि तार उशिरा पोचली तर?"

"तर मला धरा. त्यांना नाही."

कॅप्टननं त्याला नोकरीवरून काढायची, कोठडीत टाकायची, अशा दोनचार गोष्टी सुनावल्या. अ‍ॅन्सेलनं सगळ्या ऐकून घेतल्या. शेवटी कॅप्टननं तारेची दुसरी प्रत करून घेतली, चार शिपाई आणि फौजेची होडी घेतली आणि स्वतःच निघाला. माणूस भित्रा नव्हता, हे मान्य करायला हवं. सेव्हर्न त्याला एवढंच म्हणाला, की निदान जुन्या मळ्यासमोरचा वाळूचा पट्टा चुकवा. कॅप्टननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ते दोन तास अ‍ॅन्सेल यंत्रापाशी खिडकीला पाठ करून बसला होता. सेव्हर्न धक्क्यावर पिंपावर बसून मक्याची भाकरी खात होता. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे गेला नाही. तबिथा दोनदा कॉफी घेऊन पुढच्या खोलीत गेली आणि दोन्ही वेळा भरलेला कप परत घेऊन आली.

पाणी वळलं तसे सेव्हर्न आणि त्याचा मेहुणा जेकब निघाले. नाव वाऱ्यावर कलून गेली ती पाच मिनिटांत लाटांमागे दिसेनाशी झाली.

कॅप्टनची होडी सेव्हर्नला वाटेत दिसली. नेमकी त्याच वाळूच्या पट्ट्यावर रुतलेली, पाचही जण कमरेपर्यंत ओले, थंडीनं कुडकुडत, पण धडधाकट. होडी फुटलेली नव्हती आणि भरतीनं ती आपोआप तरंगणार होती. कॅप्टननं आधी हुकूम केला, मग विनवणी केली. सेव्हर्ननं जवळून जाता जाता उरलेली भाकरी त्यांच्याकडे फेकली आणि ओरडून सांगितलं, "तासाभरात सुटाल. मला थांबता येत नाही, अध्यक्षांची तार आहे."

अ‍ॅन्सेलला यातलं काही माहीत नव्हतं. केबल तुटलेली, म्हणून किल्ल्याला विचारायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं काही खाल्लं नाही. सूर्य टेकायच्या आधी सेव्हर्नचं शीड दिसलं. ते मी पाहिलं आणि ओरडत आत गेले. अ‍ॅन्सेल उठला, धक्क्यावर गेला. सेव्हर्ननं त्याच्या हातात एक पाकीट ठेवलं. सेनापतींचं उत्तर होतं, किल्ल्यापर्यंत तारेनं आलेलं.

"वेळेत पोचली," सेव्हर्न म्हणाला.

"मी विचारलं नव्हतं," अ‍ॅन्सेल म्हणाला.

"म्हणून तर सांगितलं."

अ‍ॅन्सेल आत आला, यंत्राशी बसला आणि ते उत्तर वॉशिंग्टनला ठोकलं. तबिथा दारात उभी होती. त्याचा हात थांबल्यावर ती म्हणाली, "किती?"

आठ महिन्यांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"एकोणीस."

"कमी आहेत का?"

"पुरेसे आहेत," तो म्हणाला.

त्या तारेत काय होतं, उत्तरात काय होतं, हे अ‍ॅन्सेलला मरेपर्यंत कळलं नाही. कॅप्टन प्लमली तिसऱ्या दिवशी सर्दीनं लाल झालेलं नाक घेऊन परत आला, सामान उचललं आणि गेला. कुणाला कोठडीत टाकायचं ते पुन्हा निघालं नाही.

महिन्याभरात दक्षिणेच्या मुख्य फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. आमच्या घरात त्या दिवशी कुणी आनंद केला नाही आणि कुणी रडलंही नाही. लिटलटन जिवंत आहे की नाही हेच माहीत नव्हतं.

त्यानंतर सहाव्या दिवशी, पंधरा एप्रिलला, मी सकाळी पुढची खोली झाडायला गेले. यंत्र वाजत होतं आणि अ‍ॅन्सेल लिहीत होता. लिहिता लिहिता त्याचा हात मंद झाला, थांबला नाही. आदल्या रात्री अध्यक्षांवर नाटकगृहात गोळी झाडली गेली होती आणि सकाळी ते गेले. साध्या भाषेत आलं होतं, पिसलेलं नव्हतं. त्याला ते पुढे किल्ल्याला द्यायचं होतं. त्यानं दिलं. पलीकडच्या तारवाल्यानं पुन्हा द्यायला सांगितलं. सगळं नीट गेलं होतं, तरी त्यानं पुन्हा मागितलं. अ‍ॅन्सेलनं तोच मजकूर दुसऱ्यांदा पाठवला, एक अक्षर न चुकता. मग पलीकडून काही आलं नाही.

तो उठून धक्क्यावर गेला. सेव्हर्न जाळं दुरुस्त करत होता. मी केरसुणी हातात घेऊनच मागे उभी होते. अ‍ॅन्सेलनं सांगितलं. सेव्हर्ननं टोपी काढली आणि कितीतरी वेळ ती छातीशी धरून राहिला. मग म्हणाला, "आणि सेनापती?"

"ते तिथे नव्हते. मुलांना भेटायला गाडीनं निघाले होते म्हणे."

"मग त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणीतरी तारवाल्यानंच सांगितलं असेल," अ‍ॅन्सेल म्हणाला, आणि तिथेच पिंपावर बसून रडला. सेव्हर्न त्याच्या शेजारी बसला. दोघं पाण्याकडे तोंड करून बसले होते.

तबिथानं अध्यक्षांचं नाव चार वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. तिनं त्या दिवशी घराच्या सगळ्या खिडक्यांच्या झडपा लावून घेतल्या. का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "घरातला माणूस सुतकात आहे."

लिटलटन जूनमध्ये आला, चालत, डाव्या हाताची दोन बोटं गमावून. पहिल्या जेवणाला तो अ‍ॅन्सेलच्या समोर बसला.

"त्या खोलीतून आम्हाला मारायच्या किती तारा गेल्या?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. मला वाचता येत नव्हत्या."

"वाचता आल्या असत्या तर?"

"तरी पाठवल्या असत्या."

लिटलटननं त्याच्याकडे पाहिलं, मग तबिथाकडे. "रताळी सरकव इकडे," म्हणाला. ऑक्टोबरात लग्न झालं. तबिथाचा हात लिटलटननंच, तीन बोटांच्या हातानं, अ‍ॅन्सेलच्या हातात दिला.

युद्ध संपल्यावर फौजेनं यंत्र इथेच सोडलं, माणसं नेली. अ‍ॅन्सेल गेला नाही. त्यानं आणि सेव्हर्ननं मिळून कालवांचा धंदा काढला. सेव्हर्न काढायचा, अ‍ॅन्सेल फिलाडेल्फियाच्या खाणावळींना तार करून आधीच मागणी घेऊन ठेवायचा, म्हणजे माल धक्क्यावर सडत पडायचा नाही. असा गोऱ्या-काळ्याचा सामायिक धंदा आमच्या भागात कुणी पाहिला नव्हता. दोनदा त्यांच्या नावेची शिडं कुणीतरी फाडली. दोन्ही वेळा तबिथा आणि लिआनं पडवीत बसून ती शिवली. लोक विचारत, यात मालक कोण? सेव्हर्न म्हणायचा, "पाण्यावर मी, जमिनीवर ते. धक्क्यावर आम्ही भांडतो." आणि भांडायचे खरंच, मोठमोठ्यानं, मुख्यतः कालवांच्या आकारावरून. पण निघायचं कधी, यावर कधी भांडण झालं नाही.

वीस वर्षांनी, १८८५ च्या जुलैत, जनरल ग्रँट गेल्याची बातमी आली. अ‍ॅन्सेलनं ऑफिसला कुलूप घातलं आणि सेव्हर्नच्या घरी गेला. मीही लिआला टोमॅटो द्यायला निघालेच होते, म्हणून बरोबर गेले. सेव्हर्न आता वाकला होता. बातमी ऐकून म्हणाला, "लिंकन गेल्यावर वीस वर्षं मागे राहिला बिचारा."

"राज्य केलं की मधे. दोनदा अध्यक्ष झाला."

"झाला असेल. पण त्याला तार करायला कोण होतं?"

लिआनं दोघांना ताक दिलं. ते दुपारभर तिथेच बसले आणि कोणत्या खडकावर यंदा कालवं धरली नाहीत यावर बोलत राहिले.

अ‍ॅन्सेल १८८९ च्या फेब्रुवारीत न्यूमोनियानं गेला. आजार चारच दिवसांचा. आमच्या चर्चमध्ये काळ्या माणसांची जागा मागे, वरच्या माळ्यावर. तबिथा अंत्यविधीला आली ती सेव्हर्नचा हात धरून. मधल्या वाटेनं चालत सगळ्यात पुढच्या बाकापर्यंत आली, त्याला आपल्या उजवीकडे बसवलं आणि लिआला डावीकडे. मागे कुजबुज झाली. त्याच बाकावर बसलेला रेव्हेल नॉटिंगहॅम आता फार म्हातारा झाला होता. तो उठून जाईल असं मला वाटलं. तो उठला आणि सेव्हर्नला प्रार्थनेचं पुस्तक ठेवायला जागा व्हावी म्हणून पुढच्या फळीवरची आपली टोपी उचलून घेतली, मग पुन्हा बसला.

पाद्री पाऊण तास बोलले. नंतर तबिथानं सेव्हर्नला विचारलं, की तुम्हाला काही म्हणायचंय का? तो उभा राहिला, बाकाला धरून. "चांगला माणूस होता," म्हणाला. "कामाच्या वेळी बोलायचा नाही." मग जरा थांबला आणि म्हणाला, "बाकी वेळी फार बोलायचा." लोकांना हसू आलं, तबिथालाही.

सेव्हर्न त्यानंतर तीन वर्षांनी गेला. रेल्वेनं बंदर दक्षिणेला नेल्यापासून आमच्या धक्क्याला कुणी लागत नाही, आणि पुढच्या खोलीत आता पुन्हा आईचं शिवणाचं टेबल आहे. उन्हाळ्यात दर शनिवारी लिआ टोपलीभर खेकडे घेऊन येते. ती आणि तबिथा मागच्या अंगणात मोठ्या हंड्यात ते उकडतात आणि मीठ किती घालायचं यावर वाद घालतात. दोघींनाही आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळे वाद रस्त्यापर्यंत ऐकू जातो.